कोरडा माल, ओला माल

माजलगावात कारखाना म्हटलं की लोकांना साखरेचाच कारखाना आठवायचा. त्यामुळे शाळेत कुणी विचारलं की मी ऐटीत ‘आमचा कारखाना आहे’ म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तिथून सटकायची. होतं काय, तर सिंदफणेकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून एक मोकळं आवार, एका कडेला पत्र्याची शेड, तिच्यात सिमेंटची पोती, आणि आवारभर मांडून ठेवलेले सिमेंटचे नळे आणि कड्या. कड्या म्हणजे विहिरीत नाहीतर संडासाच्या खड्ड्यात एकावर एक उतरवतात ती सिमेंटची मोठी गोल कडी. आता सगळे रिंग म्हणतात. आवाराच्या दुसऱ्या टोकाला आमच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. ओसरीत जेवायला बसलं की ताटावर बारीक धूळ येऊन बसायची. आम्ही भाकरी फुंकायचो, येसराच्या आमटीत बुडवायचो आणि खायचो. आई म्हणायची, “ह्या लेकरांची पोटं आतून कवाच गिलावा हून बसली आस्तेल.” आज सत्तरीच्या जवळ आलेय, पोटाची तक्रार नाही, तेव्हा आई बरोबरच बोलत असणार.

आमच्याकडे सकाळ व्हायची ती धुमसाच्या आवाजाने. लाकडी दांडा आणि बुडाशी लोखंडाचं वजन, असा तो ठोकणा. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोंबड्याच्याही आधी त्याला हात घालायचे. त्यांचं सगळं काम कोरड्या मालाचं. सिमेंट, वाळू आणि बारीक खडी फावड्याने उलटीपालटी करायची आणि पाणी जवळजवळ नुसतं शिंपडायचं. माल जमला की नाही ते मुठीत कळायचं. मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि लाडू टाकून दिल्यावर तळहात नुसता दमट लागला पाहिजे. मग तो माल लोखंडी साच्यात थोडा थोडा भरायचा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकून ठोकून बसवायचा. शेवटचा थर बसला की साच्याच्या खिट्ट्या काढायच्या, ठण्ण आवाज करत साचा दोन्हीकडे ओढायचा, की आत कडी आपल्या पायावर उभी! वाळायची वाट बघणं नाही, काही नाही. साचा लगेच पुढच्या जागेवर. त्यामुळे एकाच साच्यातून दिवसभर कड्या निघत. पाणी थोडं जास्त झालं तर कडी खाली बसायची, कमी झालं तर काठ ढासळायचा, पण अण्णांचा हात असा बसलेला की असं फार क्वचित व्हायचं. शाळेतून आल्यावर कड्यांवर ओली गोणपाटं टाकायची आणि त्यांवर पाणी मारायचं हे माझं काम, आणि ते मला मनापासून आवडायचं. गरम सिमेंटवर पाणी पडल्यावर जो वास येतो, तो मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा बरा वाटतो. माझ्या सुना यावर हसतात. हसू देत.

कोरडा माल अण्णांच्या स्वभावालाच चिकटला होता. चहा उकळत असतानाच पिणारा माणूस तो. एसटी थांबायच्या आधी उतरणार, पंगतीत शेवटची पोळी येण्याआधी हात धुणार, कीर्तनात बुवांचं निरूपण लांबलं की उठून चपला शोधणार. त्यांना कुठल्याही गोष्टीची वाट बघायला लावणं म्हणजे त्यांच्या अंगात मुंग्या सोडणं. बोलणंही तसंच, आखूड. आणि मायेचं बोलायचं असलं की तेवढंही नाही. मला ताप आला तर ते कपाळाला हात लावायचे नाहीत; आवारातून हाक मारून आईला विचारायचे, “पोरीचं काय म्हनं?” आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. तरी दवाखान्यातून औषध आणलेलं असायचं.

अशा घरात गोदाआत्या आली. अण्णांची थोरली बहीण. आष्टीकडे एका मोठ्या बागायतदाराच्या घरात दिलेली. मूल झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी करून आणली होती, आणि त्या घरात आत्याला आता अंथरुणाला खिळलेल्या सासूची उस्तवार करायची आणि दुसरीच्या हाताखाली राबायचं, एवढंच उरलं होतं. भाऊबीजेला म्हणून माहेरी आली आणि परत गेली नाही. आली त्या दिवसापासून माझी वेणी तिच्याकडे. आई वेणी घालायची ती दोर वळल्यासारखी. आत्या केस हळू विंचरायची, गुंता बोटांनी सोडवायची आणि सोडवता सोडवता आष्टीकडच्या माणसांच्या नकला करायची. तिच्या सासऱ्यांची खोकत खोकत हिशोब विचारायची नक्कल तर अशी, की आई भाकरी थापता थापता परातीवर पडायची. मी त्या बाईच्या प्रेमात पडले होते, दुसरा शब्द नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगते. आत्याचे थोरले दीर, बापूसाहेब, मधूनमधून जीप घेऊन तिला न्यायला यायचे. दर वेळी काहीतरी निघायचं: आत्याला बरं नाही, शकूची, म्हणजे माझी, परीक्षा आहे, आईची कंबर धरलीय. बापूसाहेब चहा पिऊन जायचे आणि जाताना अण्णांकडे असं बघायचे की बोलायची गरजच पडू नये. अण्णा ‘जा’ म्हणत नव्हते आणि ‘राहा’ही म्हणत नव्हते. आत्याला त्यांच्या तोंडून ‘राहा’ एवढं एक हवं होतं. भावाने ते म्हटलं की ती घरची, म्हणत नाही तोवर लांबलेली पाहुणी. आणि अण्णा का म्हणत नाहीत, ते आईने मला एकदा चुलीपुढे सांगितलं. “तुझ्यासाठी गप हायेत ते. भैन सासर सोडून भावाकडं बसली, आसं झालं की त्या घरच्या पोरीला स्थळं येत न्हाईत.” मला तेव्हा आपल्या होणाऱ्या नवऱ्याचा, जो अजून कुठे काय करत होता कुणास ठाऊक, फार राग आला.

त्या साली डोणीचं प्रकरण झालं. भिवातात्या म्हणून उमापूरकडचे एक धनगर होते. सुगी उरकली की मेंढरं घेऊन ते नदीकाठच्या शिवारात उतरायचे; शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घ्यायचे, लेंड्यांच्या खतासाठी. तात्यांनी आपल्या वस्तीवरच्या विहिरीपाशी मेंढरांना पाणी पाजायला एक लांब डोणी आमच्याकडून नेली होती. अण्णांनी ती अर्थातच कोरड्या मालाची ठोकली होती. तात्या आले, घोंगडी सावरत ओसरीच्या पायरीवर बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “अण्णा, तुमची डोणी लई गुनाची हाय बगा. सांजच्याला भरून ठिवावी, सकाळी थेंब न्हाई. आमी म्हणलं बरं झालं, आता मेंढरास्नी पाजायची कटकट न्हाई. समदं पानी डोणीच पिती.”

स्वयंपाकघरात आई आणि आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. अण्णांचे कान लाल झाले. “धुम्मस कमी पडलं आसंल,” म्हणाले, आणि त्याच दिवशी दुसरी डोणी ठोकायला घेतली. इतकी ठोकली, इतकी ठोकली, की शेजारच्या गिरणीवाल्याने येऊन विचारलं, कुणावर राग हाय म्हनून. साचा ओढला तेव्हा डोणीची एक लांब भिंत बाहेर कलली आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत, आडवी झाली.

“बाळ्या,” आत्या म्हणाली. अख्ख्या माजलगावात अण्णांना बाळ्या म्हणणारं हे एकच माणूस. “कडीला पानी धरायचं नसतंय, म्हनून कोरड्यात भागतं. डोणीला धरायचं हाय. कितीबी ठोकलंस तरी दाण्यादाण्यात फट ऱ्हातीच की. माल पातळ कर. साच्यात वत. आन् वाळंस्तोवर गप बस.”

“आन् साचा? साचा आडकून पडतोय तितके दिस. एक डोणी निघंस्तोवर माझ्या किती कड्या हुतेत म्हाईत हाय का? शिवाय पातळ मालाला सिमीट जास्ती. सांध्यासांध्यातनं पानी गळतंय. आन् वाळताना भेगा पडतेत त्या येगळ्याच.”

“भेगा झाकल्यावर न्हाई पडत. आन् सांधे मी बुजवीन.”

“आक्का, ह्ये काय कुरडयाचा चीक हाय का?”

हे भांडण पुढे कितीतरी दिवस चाललं. जेवताना, वाळू चाळताना, अगदी देवाला दिवा लावताना सुद्धा. कोरडा झपाट्याचा, ओला गुळगुळीत. कोरड्याला एक साचा पुरतो, ओल्याला साच्यांची रांग लागते. कोरड्याचं अंग खरबरीत, ओल्याला मेंढराच्या जिभेला टोचणार नाही असं अंग येतं. मी अण्णांच्या पक्षात होते, कारण साचा ओढल्याबरोबर कडी उभी राहिलेली बघण्यासारखी मजा दुसरी नाही, आणि वाट बघणं मलाही जमत नव्हतं. शेवटी आई वैतागून म्हणाली, “ह्यांचं काम भाकरीचं, थापली की तव्यावर. वन्सचं दह्याचं, हलवलं की मोडलं. दोनी ताटात लागतं. आता गुमान जेवा.” माझा भाचा आता हेच ड्राय कास्ट आणि वेट कास्ट म्हणून लॅपटॉपवर समजावून सांगतो, आलेख काढतो, आणि मी मान डोलावते. आईइतकं थोडक्यात त्याला अजून जमलेलं नाही.

अण्णांनी शेवटी एक मोडका लांब साचा आत्यापुढे टाकला आणि म्हणाले, “घे. काय दही लावायचं ते लाव.” आत्याने पहिल्या वेळी साच्याचे सांधे कणकेने बुजवले. गव्हाची कणीक आमच्याकडे सणावारी मळली जायची, त्यामुळे आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माल ओतला, सगळं छान, आणि आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात कोंबड्यांनी येऊन सगळे सांधे टोचून टोचून फस्त केले. बाहेर येऊन बघतो तर सिमेंटचं पाणी ओघळून नालीपर्यंत गेलेलं, साच्यात नुसती खडी, आणि एक कोंबडी चोच जमिनीला घासत उभी. अण्णा काही बोलले नाहीत. न बोलता इतकं हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वेळी आत्याने नदीकाठची काळी माती आणली, चिकट मळली आणि सांध्यांवर लिंपली. काळी माती ओली झाली की फुगते, त्यामुळे थेंब बाहेर येईना. ओतायच्या दिवशी सकाळी साचा आतून तेलाने नुसता चकाकत होता. आत्याला वाटलं आईने हात फिरवला, आईला वाटलं वन्सनी, आणि घाईत कुणी कुणाला विचारलं नाही. आत्याने पातळ माल घमेल्याने ओतला, सळईने खोचून खोचून कोपऱ्यात पोचवला, आणि मी बाहेरून लाकडी मोगरीने साच्यावर ठोकत फिरले. वर बुडबुडे येत होते आणि फुटत होते. मग गोणपाटं टाकली आणि आत्या पायरीवर जाऊन बसली. आता काय, तर काही नाही. बसायचं. अण्णांना ते सोसवेना. येता-जाता साच्यावर टिचकी मारायचे, गोणपाटाचं टोक उचलून बघायचे. आत्याने शेवटी साच्याभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या. कशासाठी विचारलं तर म्हणाली, शेरडं येतेत. आमच्याकडे शेरडं नव्हती.

साचा उघडला तेव्हा डोणी अशी निघाली की आम्ही सगळे हात लावून बघत राहिलो. गुळगुळीत, कडा सरळ, कुठे फट नाही. आतून तेवढे काळपट डाग होते, ते लोखंडाचे असतील म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. नव्या सिमेंटचं पाणी कडवट लागतं म्हणून आत्या ती भरायची आणि ओतून द्यायची, भरायची आणि ओतून द्यायची, कित्येक दिवस. पाण्याची रेघ काठावर होती तिथेच राहायची. अण्णा रोज सकाळी, आपण नळे बघायला निघालोय असं दाखवत, त्या रेघेकडे बघून जायचे. आत्याने एकदा माझी वेणी घालताना हळूच सांगितलं, “शके, ही डोणी तात्यांनी पसंत केली ना, तर वस्तीवस्तीच्या डोण्या मी करीन. माझ्या भाकरीपुरतं मी कमवीन. मंग बाळ्याला म्हनायला जड जानार न्हाई.” मी त्या क्षणी कोरड्या मालाचा पक्ष सोडला.

भिवातात्यांच्या घरात नव्या डोणीची एक रीत होती. तिच्यात आधी माणसाने हात घालायचा नाही. कळपाच्या पुढे चालणारा मेंढा असतो, त्याने पहिलं तोंड लावायचं. तो प्याला की त्याच्या कपाळाला आणि डोणीच्या काठाला भंडारा लावायचा, तेव्हा डोणी आपली. मेंढ्याने पाठ फिरवली तर कितीही देखणी असो, नेत नसत. ठरल्या दिवशी तात्या कळप घेऊन आवाराशी आले. गिरणीवाला, त्याची बायको, रस्त्यावरचे चार लोक जमले. आत्याने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. आणि नेमकी तेव्हाच बापूसाहेबांची जीप येऊन थांबली.

त्यांना सगळं बघून मौज वाटली. “काय पाव्हणं, आमची सून डोण्या पाडायला लावली का तुमी?” आत्याने डोईवरचा पदर पुढे ओढला. बापूसाहेब डोणीभोवती फिरले, तात्यांकडून रीत समजून घेतली आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मंग आसं करू. आमीबी यिऊन यिऊन कटाळलो. मेंढ्यानं तोंड लावलं, तर आमी पुन्हा ह्या वाटंला येत न्हाई. न्हाई लावलं, तर सूनबाईनं गुमान गाडीत बसायचं. कसं?”

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली बघत होते. पदराआडून आत्याच म्हणाली, “चालंल.” तिचा आवाज अगदी शांत होता. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तात्यांनी मेंढा पुढे केला. दिवसभर उन्हात चाललेला, तहानेलेला तो मेंढा, पाणी दिसताच थेट डोणीवर आला. मान खाली घातली. नाक पाण्याला लागायच्या आधीच थबकला. हुंगलं, वरचा ओठ उचलला, जोरात शिंकरला आणि पाठ फिरवली. तात्यांनी परत वळवला. परत तेच. मागची मेंढरं त्याच्याकडे बघत होती, तीही हलली नाहीत. मग तो सरळ रस्त्यावर गेला आणि नालीतलं घाण पाणी पिऊ लागला. कुणीतरी खुदकन हसलं. त्या मेंढ्याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

“बसा मंग, सूनबाई,” बापूसाहेब म्हणाले.

आत्या घरात गेली, कपडे भरायला. मला रडू फुटलं. भिवातात्या घोंगडी चाचपत म्हणत राहिले, “डोणी तर नामी हुती, काय झालं काय की.” तेवढ्यात अण्णा पुढे झाले. त्यांनी डोणीत ओंजळ घातली आणि पाणी तोंडात घेतलं. तात्या “अण्णा, आवो, आवो” करत राहिले. अण्णांनी ते पाणी घोळवलं आणि वाकूनच थुंकलं.

“जळकं ऑइल,” ते म्हणाले. “तात्या, डोणीत खोट न्हाई. आशी डोणी मला जन्मात जमली नसती. वास हाय तो साच्याच्या ऑइलचा. आन् ते ऑइल मी लावलंय.”

मग उलगडा झाला. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं जळकं ऑइल साच्याला चोपडायचं, म्हणजे माल चिकटत नाही, ही आमच्या आवारातली नेहमीची पद्धत. कोरड्या मालात साचा लगेच निघतो, ऑइल अंगाला लागतं न लागतं, आणि कडीचा वास घेतो कोण! आत्या डोणीसाठी घरातल्या करडईच्या तेलाचा बोळा फिरवत होती, आणि तेलावर आईची नजर असल्यामुळे तोही जपून. एवढ्याशा तेलाने डोणी साच्याला चिकटेल, उघडताना कड तुटेल आणि आक्काची फजिती होईल, या काळजीने अण्णा ओतायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठले आणि साच्याला आतून सढळ हाताने जळकं ऑइल लावून आले. ओला माल त्या ऑइलात दिवसचे दिवस बसला आणि ते पीत राहिला. आमची सगळ्यांची नाकं त्या वासाला इतकी सरावलेली, की एकालाही तो आला नाही. मेंढ्याला आला. एवढी काळजी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लपून न करता उघडपणे केली असती तर, असं मी कधीकधी म्हणते. पण उघडपणे करते तर ते अण्णा कसले.

बापूसाहेबांना यात रस नव्हता. “ऑइल का फिऑइल. मेंढ्यानं तोंड लावलं न्हाई. शब्द म्हंजी शब्द.”

“शब्द तुमचा, बापूसायेब. मी कुटं दिला?” अण्णा सरळ झाले. हातातून पाणी निथळत होतं. “मेंढरावर भैन लावायला मी काय जुगारी हाय व्हय? आक्का जानार न्हाई. ती हितंच ऱ्हानार. तुमी च्या घेऊन जावा.”

“आन् लोक काय म्हनतेल? उद्या तुमच्या पोरीच्या लग्नाला कोन उभं ऱ्हातंय ते बगू.”

“ज्याला यायचं ते यील. न्हाई आले तर पंगत लवकर उठंल.”

गिरणीवाला हसला, मग भिवातात्या हसले, आणि बापूसाहेब चहा न घेता जीपमध्ये बसले. ते पुन्हा आले नाहीत. माझ्या लग्नाचं म्हणाल तर पंगत लवकर उठली नाही. अण्णांना तिचाच वैताग आला होता.

डोणीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मला शेवटी सांगायचंय ते निराळं आहे. राख, रिठे आणि उकळतं पाणी घेऊन आम्ही ती घासली. अण्णा आत उकिडवे बसून घासायचे, आत्या बाहेरून पाणी टाकायची आणि “तिकडं ऱ्हायलं, तिकडं” म्हणून शिव्या घालायची. तात्यांनी कळप शिवारातच थांबवला होता. मेंढा परत आला तेव्हा त्याने खूप हुंगलं, आम्हाला सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि मग मान घालून प्याला तो पीतच राहिला. डोणीच्या काठाला पिवळाधमक भंडारा लागला. पुढे उमापूरच्या बाजूला आत्याच्या डोण्या वस्त्यावस्त्यांवर गेल्या, आणि पाणी धरणाऱ्या वस्तूच्या साच्याला आमच्याकडे अजूनही करडईचंच तेल लागतं. कामगार हसतात, मी लावायला लावते.

पण त्या दिवशी, जीपचा धुरळा अजून खाली बसला नव्हता तेव्हा, आत्या घरातून बाहेर आली. काखेत कपड्यांची पिशवी होती. स्वयंपाकघरात बसून आवारातली टाचणी पडलेली ऐकणारी बाई ती. तिने जीप गेलेली पाहिली, लोकांकडे पाहिलं, आणि अण्णांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“काय म्हणलास तू?”

अण्णा धोतराला हात पुसायला लागले. “सांगितलं की आत्ताच.”

“त्यास्नी सांगितलंस. मला कुटं सांगितलंस?”

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. गिरणीवाल्याच्या बायकोने नवऱ्याला ढोसून दुसरीकडे बघायला लावलं. अण्णांचे कान लाल झाले होते, आणि मला वाटलं, आता हे धुम्मस उचलतील आणि कुठलीतरी कडी ठोकायला निघून जातील.

“ऱ्हा, आक्का,” ते म्हणाले.

आत्याच्या काखेतली पिशवी खाली पडली. ती तिथेच डोणीच्या काठावर टेकली आणि मोठ्याने, कुणाची लाज न धरता, रडायला लागली. आई आत पळाली, पाणी आणायला म्हणून. भिवातात्यांनी आपली मेंढरं हाकलली, लोक पांगले, ऊन शेडच्या मागे गेलं. कालवून ठेवलेला माल एका बाजूला वाळून फुकट चालला होता. अण्णा तिच्या शेजारी उभे होते, आणि तिचं रडणं पुरतं संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.